बंदीच्या काळातले राजकारण

श्रोतेहो, मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. हैदराबाद संस्थानाचा इतिहास शिकवायला घेतला की दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी उभा राहून विचारतो, "सर, प्रजा एवढी मोठी आणि राजा एकटा, मग लोक इतकी वर्षे गप्प का बसले?" प्रश्न अगदी सरळ आहे. ज्याने जन्मापासून मतदान पाहिले, मोर्चे पाहिले, त्याला असेच वाटणार. परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आपल्या बीड जिल्ह्यासकट सबंध मराठवाडा ज्या राजवटीखाली होता, तिच्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांपुढे कोणत्या अडचणी होत्या, त्यांतून त्यांनी वाट कशी काढली, आणि कोठे ती वाट चुकली, ह्याचा थोडा विचार आज आपण करू.

प्रथम चित्र डोळ्यांपुढे आणा. मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. १९४१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या घरात होती. जिल्हे सोळा, त्यांपैकी मराठी मुलखाचे पाच, आणि त्या पाचांत आपला बीड. जमिनीचा मोठा हिस्सा जहागिरींत आणि 'सर्फेखास' म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी मालकीत गुंतलेला. शाळेत थोडे वर जावे तो शिक्षणाचे माध्यम उर्दू. साक्षरता शेकडा दहाच्या आत. शेजारच्या इंग्रजी मुलखात १९३७ साली निवडून आलेली मंत्रिमंडळे कारभार करू लागली होती, आणि इकडे मोगलाईत लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती कसलीही सत्ता नव्हती. नगरच्या बाजूला गेलेला आपला शेतकरी बाजार करून परत येई तो दोन राज्ये पाहून येई.

ह्या राजवटीचे खरे हत्यार तुरुंग हे नव्हते. तुरुंग होतेच, पण प्रत्येकाला तुरुंगात घालणे कोणत्याही सरकारला परवडत नाही. खरे हत्यार होते एक कागद. 'गश्ती निशाण त्रेपन्न' हे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात येत असे. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. ह्या त्रेपन्न नंबरच्या गश्तीने सांगितले की सरकारची आधी परवानगी घेतल्याशिवाय जाहीर सभा भरवता येणार नाही. दिसायला गोष्ट किती साधी! सभेला बंदी नाही, फक्त अर्ज करा. परंतु अर्ज केला म्हणजे अर्जदाराचे नाव अमिनाच्या वहीत गेले. अर्ज खालून वर सरकत जाणार, आणि उत्तर मिळाले तरी ते अटींसकट मिळणार. खासगी शाळा काढायची तरी परवानगी, आखाडा काढायचा तरी परवानगी.

ह्याचा परिणाम काय होतो तो पाहा. गावातल्या दहाजणांच्या मनात एकच गोष्ट सलत असते, पण ते दहाजण एका ठिकाणी बसलेच नाहीत तर आपण दहा आहोत हे त्यांना कळणार कसे? प्रत्येकाला वाटते, खुपते ते मला एकट्यालाच. लोक गप्प दिसतात त्यातले पुष्कळसे मौन असे असते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो की ते गप्प नव्हते, एकमेकांना ऐकू येत नव्हते.

घरात बोलता येत नाही म्हणून मग शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बोलायचे, हा पहिला उपाय झाला. हैदराबाद संस्थानची पहिली राजकीय परिषद १९२३ साली भरली ती संस्थानात नव्हे, आंध्र किनाऱ्यावरच्या काकिनाड्याला. पुढच्या परिषदा १९२६ साली मुंबईस, १९२८ साली पुण्यास, १९३१ साली अकोल्यास. म्हणजे बीड-नांदेडच्या प्रजेचे गाऱ्हाणे मांडायला माणसाने आगगाडीचे तिकीट काढून परमुलखात जायचे. ह्यात काम झाले, वर्तमानपत्रांतून बभ्रा झाला. पण सरकारच्या हाती आयते उत्तरही पडले: ही चळवळ बाहेरच्यांची, आमची प्रजा सुखात आहे. श्रोतेहो, हा डाव नीट ओळखून ठेवण्यासारखा आहे. आधी आतली दारे बंद करायची, आणि मग माणूस बाहेर गेला की त्याला परका म्हणायचे. सालाझारच्या पोर्तुगीज राजवटीत गोव्यातही हेच चालले होते. तेथे लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरला दाखवावी लागे. १९४६ च्या १८ जूनला मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हा पोर्तुगीजांनी त्यांना बाहेरचा माणूस म्हणूनच सरहद्दीबाहेर काढले.

वर्तमानपत्राचीही तीच गत. आ. कृ. वाघमारे ह्यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक काढले ते संस्थानाबाहेरून. निजाम सरकारने त्याला मुलखात यायला बंदी केली. वाघमाऱ्यांनी नाव बदलले, मजकूर तोच ठेवला. त्या नावावर बंदी आली की तिसरे नाव. असा हा पाठशिवणीचा खेळ बराच काळ चालला. ह्यात थोडी गंमत आहे हे खरे. पण अंक हातात ठेवणाऱ्या खेड्यातल्या वाचकाला ती गंमत नव्हती. संपादक सरहद्दीपलीकडे होता, वाचक अलीकडे होता.

आता नावाचीच आणखी एक गोष्ट. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, दुसऱ्या वर्षी लातूरला दुसरे. तिकडे तेलंगणात आंध्र महासभा होती, कानडी भागात कर्नाटक परिषद. ह्या तिन्ही प्रवाहांतल्या माणसांनी १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचे ठरवले. सप्टेंबरात ती रीतसर स्थापन व्हायची होती. सरकारने काय करावे? स्थापनेच्या आधीच तिच्यावर बंदी घातली! मूल जन्मायच्या आत त्याच्यावर वॉरंट काढल्यासारखे झाले. कारण असे दिले की ही संस्था जातीय आहे. २४ ऑक्टोबर १९३८ ला गोविंदराव नानल ह्यांच्या पहिल्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला. काही शे सत्याग्रही तुरुंगात गेले.

आणि येथे ती अडचण उभी राहिली जी पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. त्याच सुमारास आर्य समाजाचा आणि हिंदू महासभेचाही सत्याग्रह संस्थानात सुरू होता. त्यांच्या मागण्या निराळ्या होत्या, पण तुरुंग एकच होता आणि लांबून पाहणाऱ्याला सगळे सारखेच दिसत. स्टेट काँग्रेस म्हणत होती की आम्हांला सर्व प्रजेची, हिंदू-मुसलमान दोघांची, जबाबदार राज्यपद्धती हवी. सरकार म्हणत होते, हे हिंदूंचे बंड आहे. दोन मिरवणुका एकाच रस्त्याने निघाल्यावर कोणाचे वाजंत्री कोणते हे कोण सांगणार? गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबरात स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला. स्वामी रामानंद तीर्थ तेव्हा तुरुंगात होते. आत बसलेल्यांच्या मनाला हे किती लागले असेल ह्याची कल्पना करता येते. माझ्या मते तो निर्णय योग्य होता. पण त्याची किंमत कार्यकर्त्यांनी दिली, कारण सत्याग्रह थांबला तरी बंदी काही उठली नाही. बोलणी झाली. 'काँग्रेस' हा शब्द सोडून 'नॅशनल कॉन्फरन्स' असे नाव घ्यायचीही तयारी दाखवली गेली. तरी बंदी कायम! राज्यकर्त्याला नाव खुपत नसते, माणसे एकत्र येणे खुपत असते. ती बंदी उठायला जुलै १९४६ उजाडावा लागला. जवळजवळ आठ वर्षे.

आता आठ वर्षे बंदीखाली असलेली संस्था जिवंत राहिली ती कशाच्या बळावर? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला आपल्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला जायला हवे.

अंबाजोगाईचे तेव्हाचे सरकारी नाव मोमिनाबाद. तेथे १९१७ साली निघालेली योगेश्वरी नूतन विद्यालय ही शाळा होती. उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ ची राष्ट्रीय शाळा होती. तेथे मुख्याध्यापक असलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजे संन्यास घेतल्यानंतरचे स्वामी रामानंद तीर्थ, १९३५ साली अंबाजोगाईस आले आणि ह्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजप्यांसारखे सहकारी त्यांच्याबरोबर होते. १९३८ साली शाळा सोडून स्वामीजी पूर्णपणे राजकारणात उतरले.

ऐकणाऱ्यांत शिक्षक बंधुभगिनी आहेत, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. सभेला परवानगी लागते आणि ती एक दिवसाची असते. शाळेला एकदा परवानगी मिळाली की ती रोज भरते. मुले येतात, मुलांचे बाप फी द्यायला येतात, गावोगावची माणसे एकमेकांना ओळखू लागतात. शाळेत राजकारण शिकवले जात असेल किंवा नसेल. पण खेड्यातला मुलगा आपल्या भाषेत लिहू लागला, चारचौघांत उभा राहून बोलू लागला, की गश्तीचा निम्मा कागद आपोआप फाटला. वाचनालये, गणेशोत्सव, साहित्य परिषद ह्यांनी तेच काम केले. निजाम राज्य मराठी साहित्य परिषद १९३७ साली निघाली. पुढे १९४३ पासून ती मराठवाडा साहित्य परिषद म्हणून ओळखली जाऊ लागली. कवितेवर भाषण ऐकायला आलेली माणसे घरी जाताना फक्त कवितेबद्दलच बोलत नसत, एवढे आपण समजू शकतो.

विद्यार्थी पेटले ते ह्याच पिढीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायला मनाई झाली, मुलांनी ती मोडली, आणि ते लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेले. शेकडो मुले काढून टाकली गेली. त्यांना नागपूर विद्यापीठाने आधार दिला. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक विद्यार्थी होता. तो पुढे देशाचा पंतप्रधान झाला. पण जी मुले नागपूरला जाऊ शकली नाहीत, ज्यांच्या घरी तिकिटापुरतेही पैसे नव्हते, त्यांचे शिक्षण तेथेच संपले. त्यांची यादी कोणी केलेली नाही.

माझा मुद्दा येथे येतो. दडपणाच्या राज्यात पुढाऱ्याची कसोटी तो स्वतः किती मोठा त्याग करतो ह्यावर लागते असे आपण मानतो. मला वाटते, कसोटी दुसरीच आहे. जो तुरुंगात जाऊ शकत नाही, त्याला करता येण्याजोगे काम तो देऊ शकतो का? आपला मुलूख कोरडवाहू. पेरणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस आत गेला तर वर्षभराची ज्वारी गेली. अशा माणसाला "तुरुंग भरा" म्हणणे सोपे, पण तो येणार नाही, आणि न आल्याची लाज त्याला चळवळीपासून आणखी दूर नेईल. उलट त्याला म्हटले, "एक चिठ्ठी पलीकडच्या गावाला पोचव," तर तो पोचवील. "चार भाकरी जास्त टाक," म्हटले तर घरातली बाई टाकील, आणि कोणासाठी हे विचारणारही नाही.

१९४७-४८ च्या अखेरच्या लढ्याचा कार्यक्रम पाहा. महायुद्धाच्या काळापासून सरकार सक्तीने धान्याची लेव्ही वसूल करी. ती देऊ नका, असे सांगितले गेले. धान्य पेवात राहिले. आबकारीचे उत्पन्न हे सरकारच्या तिजोरीचे मोठे अंग. म्हणून शिंदीची झाडे तोडा. हे काम एका कुऱ्हाडीचे आणि एका रात्रीचे होते. करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले झाले, गावचे दप्तर जाळले गेले, कित्येक पाटील-कुलकर्ण्यांनी राजीनामे दिले, वकिलांनी कोर्टे सोडली. ज्याला जेवढे पेलेल तेवढे. बायकांनी निरोप पोचवले, आणि बदनापूरकडच्या दगडाबाई शेळक्यांसारख्या बाईने त्याहून पुष्कळ अधिक केले. स्वामीजींना १५ ऑगस्ट १९४७ ला अटक झाली, मध्ये थोडे दिवस सुटका आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक. पुढारी आत असतानाही काम चालू राहिले, कारण ते लहान लहान हातांत वाटलेले होते.

ह्या काळात कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव काय केले ते मी वेगळे सांगत नाही. आपल्या घराघरांत ते सांगितले गेले आहे. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण ती कमी सांगितली जाते. 'इमरोज' ह्या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान ह्यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात त्यांचा खून झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा हात तोडला. जुलमी राजवट आपल्या धर्माचा विरोधक सर्वांत आधी मारते, कारण तिचे सगळे सोंग त्याच्या एका लेखाने उघडे पडते.

सरहद्दीवर कार्यकर्त्यांची ठाणी उभी राहिली. आपल्या आष्टी-पाटोद्याच्या पलीकडे नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर. तसेच सोलापूर, बुलढाणा, यवतमाळ ह्या बाजूंनीही. तेथे शस्त्रे आली. ३० जानेवारी १९४८ ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटली. त्या पैशांचा हिशेब ठेवला गेला आणि नंतर तो देण्यात आला, ह्याचा अभिमान जुने कार्यकर्ते बाळगीत, आणि तो रास्तच आहे. हातात बंदूक आणि पुढ्यात पैसा असताना हिशेब लिहिणारा माणूस हे चळवळीचे खरे धन.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. आपण तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो. परंतु भाषण येथे थांबवले तर मी माझ्या विद्यार्थ्यांना अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

राज्य कोसळले आणि त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात व आसपास मुसलमान वस्त्यांवर भयंकर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार ह्यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस मुलखात फिरून अहवाल केला. मेलेल्यांची संख्या निदान २७ ते ४० हजार असावी असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ह्या चार जिल्ह्यांना पोचली. त्यांच्या खालोखाल ज्यांची नावे आली त्यांत आपला बीड होता. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबे वाचवल्याचीही नोंद त्यात आहे. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. रझाकाराने केलेल्या अत्याचाराची शिक्षा, ज्याने कधी काठीही उचलली नव्हती अशा विणकराला, मजुराला, त्याच्या बायकामुलांना भोगावी लागली.

ह्याचा आपल्या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी जवळचा आहे. जबाबदार राज्य सर्वांसाठी मागणारी चळवळ आठ वर्षे बंदीखाली राहिली, ह्याचा अर्थ असा की तिला आपले म्हणणे प्रत्येक गावी उघडपणे नेताच आले नाही. ज्या गावी तिचा माणूस, तिची शाळा, तिचे वाचनालय होते, तेथे तिची शिस्त पोचली असावी. जेथे फक्त रझाकारांची भीती आणि त्यांच्याबद्दलचा द्वेष पोचला होता, तेथे १७ सप्टेंबरनंतर लोकांना आवरायला कोण होते? बंदी घालणारा असे समजतो की त्याने विरोध थोपवला. त्याने थोपवलेली असते ती विरोधातली समजूतदार माणसे. राग थोपवता येत नाही. हे माझे मत आहे. ह्यावर दुमत असू शकते, आणि गावोगावच्या शिक्षकांनी आपापल्या गावची हकिकत जुन्या माणसांकडून, दोन्ही वस्त्यांतल्या, लिहून घेतली असती तर अधिक खात्रीने बोलता आले असते. ती माणसे आता फार थोडी उरली.

चळवळीपुढे आणखी एक अडचण आली, ती जिंकल्यानंतर. एका छपराखाली लढलेल्यांची मते एक नव्हती. शेतजमिनीच्या प्रश्नावर, तेलंगणातल्या कम्युनिस्टांच्या सशस्त्र लढ्यावर, संस्थानाचे भाषावार तुकडे करण्यावर जोराचे मतभेद होते. बंदी होती तोवर ते झाकलेले राहिले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उघड झाले. स्वामी रामानंद तीर्थ काँग्रेसतर्फे गुलबर्ग्याहून लोकसभेवर गेले. आणि बीडमधून निवडून आले ते त्यांचेच हिप्परगा-अंबाजोगाईचे जुने सहकारी बाबासाहेब परांजपे, पण काँग्रेसच्या विरोधात, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटतर्फे. हे फ्रंटचे नाव का, तर कम्युनिस्ट पक्षावर हैदराबाद राज्यात तेव्हाही बंदी होती! राज्य बदलले होते, निवडणूक खरी होती, मत गुप्त होते. तरी नाव बदलून उभे राहायची पाळी कोणावर तरी होतीच. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि तीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. अक्षर न येणारा माणूस आत जाई, चिन्ह पाही, कागद टाकी आणि बाहेर येई. कोणाच्या वहीत त्याचे नाव जात नसे. पुढे १९६७ साली साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील, आणि आणीबाणी उठल्यावर १९७७ साली गंगाधरअप्पा बुरांडे, हे दोघेही विरोधी पक्षांचे उमेदवार ह्याच बीडने लोकसभेत पाठवले.